चॅपलमधला ऑर्गन : पाइप नाहीत, भाता नाही, मग वाजतं काय?

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 2019 मध्ये आग लागली तेव्हा छत कोसळलं, पण आतला अजस्र ऑर्गन जळला नाही. शिशाच्या धुळीनं मात्र पार माखला. त्याचे सुमारे 8000 पाइप उतरवून, साफ करून, पुन्हा चढवून झाले आणि 7 डिसेंबर 2024 ला आर्चबिशपांनी त्याला ‘जागा हो’ अशी हाक मारली. तिकडून ऑर्गननं सुरांनी ओ दिली. ती चित्रफीत आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरली आणि त्या आठवड्यात गटावर दुसरा विषयच नव्हता. शाळेच्या चॅपलमधला, म्हणजे आवारातल्या प्रार्थनाघरातला, जुना ऑर्गन कित्येक वर्षं मुका आहे. नवा घेऊ या! पाइपवाला परवडणार नाही, मग डिजिटल घेऊ! यावर एकानं विचारलं, “डिजिटल ऑर्गन म्हणजे कीबोर्डच ना रे? मग एवढे लाख कशाला?”

प्रश्न रास्त होता. मी पेटी शिकलेला आणि पोटापाण्यासाठी ध्वनिव्यवस्थेची कामं केलेला, त्यामुळे उत्तर देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. गटावर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे नीट मांडतो.

आपला ऑर्गन वेगळा, चॅपलचा वेगळा

मराठी माणसाला ऑर्गन हा शब्द नवा नाही. संगीत नाटकाच्या पिटात, बालगंधर्वांच्या गाण्यामागे, पायानं भाता मारत वाजवायचा तो ऑर्गन. पण त्यात पाइप नसतात. आपल्या पेटीसारख्या पितळी रीड असतात, म्हणजे हवा लागली की थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या. ती पेटीची मोठी बहीण म्हणा.

चॅपलमधला मूळ ऑर्गन पाइपचा. तिथे प्रत्येक स्वराला एक स्वतंत्र नळी असते. काही नळ्या बासरीसारख्या, फुंकर मारली की वाजणाऱ्या. काहींच्या बुडाशी जीभ बसवलेली, जत्रेतल्या पिपाणीसारखी. नळी जितकी लांब तितका आवाज खालचा. 8 फुटांच्या उघड्या नळीतून सेकंदाला साधारण 65 कंपनं निघतात, 16 फुटांच्या नळीतून त्याच्या निम्मी. हे 16 फूट पुढे खिशावर भार टाकणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

महाराष्ट्रात चॅपल असलेल्या शाळा अनेक आहेत. मुंबईच्या कॅथेड्रल शाळेची सुरुवातच 1860 मध्ये सेंट थॉमस कॅथेड्रलला गाणारी मुलं मिळावीत म्हणून झाली. मुलांचं सामूहिक गाणं आणि त्यामागे ऑर्गन हा या परंपरेचा कणा. खरेदीच्या बैठकीत हे पहिल्यांदा विसरलं जातं. ऑर्गन मैफिलीसाठी घ्यायचा नसतो. तीन-चारशे मुलांनी एका सुरात गावं, त्यांना आधार मिळावा, यासाठी घ्यायचा असतो.

पेटी माहीत असेल तर अर्धं काम झालं

चांगल्या पेटीत एका पट्टीखाली रीडच्या दोन-तीन ओळी असतात : खर्ज, नर, मादी. बोट एकच पट्टी दाबतं, पण खुंट्या उघड्या असल्या तर खर्ज खालून बोलतो, नर मधून, मादी वरून. ऑर्गनचं गणित नेमकं हेच आहे, फक्त ओळी तीनच्या जागी तीस किंवा शंभर. एका ओळीला, म्हणजे ती उघडणाऱ्या खुंटीला, ‘स्टॉप’ म्हणतात. स्टॉपवर 16, 8, 4, 2 असे आकडे असतात. ते त्या ओळीतल्या सर्वांत खालच्या नळीची लांबी फुटांत सांगतात. 8 म्हणजे पट्टीचा जो स्वर तोच, 16 म्हणजे एक सप्तक खाली, 4 म्हणजे एक सप्तक वर.

हातासाठी पट्ट्यांच्या दोन किंवा तीन पायऱ्या असतात, प्रत्येकी साधारण 61 पट्ट्या. पायांसाठी लाकडी पट्ट्यांचा वेगळा संच असतो, बहुधा 30 किंवा 32 पट्ट्यांचा. वादक पायांनी खर्ज वाजवतो, आणि सगळ्या गाण्याला तळ मिळतो तो तिथून. शिवाय एक पायदाब असतो, ‘स्वेल’. खऱ्या ऑर्गनमध्ये काही नळ्या एका लाकडी खोलीत बंद असतात आणि या पायदाबानं तिच्या झडपा उघडमिट होतात, त्यामुळे आवाज फुलतो किंवा आत ओढला जातो. डिजिटलमध्ये तोच परिणाम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं साधतात.

डिजिटल ऑर्गनवर आणखी एक बटण असतं, ज्यानं सगळं वाद्य एखाद-दुसऱ्या स्वरानं वर किंवा खाली सरकतं. विक्रेता ते मोठ्या अभिमानानं दाखवतो. आपल्याकडच्या कुठल्याही भजनी मंडळाला ते माहीत आहे. आपला स्केल चेंजर, दुसरं काही नाही.

मग डिजिटलच्या पोटात आहे काय?

नळ्यांच्या जागी त्यांच्या आवाजांचा साठा असतो. मोठमोठ्या चर्चमध्ये जाऊन एकेका नळीचा आवाज मुद्रित करतात आणि पट्टी दाबली की तो ऐकवतात. याला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. दुसरी पद्धत अशी की मुद्रण साठवायचंच नाही. नळीत हवा कशी फिरते, तिचं तोंड कसं आहे, धातू कोणता आहे यांचं गणित मांडायचं आणि आवाज दर वेळी नव्यानं तयार करायचा. पहिली पद्धत म्हणजे आईच्या हातची भाजी डब्यात भरून आणणं. दुसरी म्हणजे तिची कृती लिहून घेऊन रोज नव्यानं शिजवणं. इटलीची व्हिस्काउंट ही कंपनी दुसऱ्या पद्धतीसाठी ओळखली जाते. हॉलंडची योहान्नुस, अमेरिकेची ॲलन या पहिल्या वाटेच्या. ॲलननं 1971 मध्ये पहिला डिजिटल ऑर्गन बाजारात आणला. त्याच्या चिप अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठी काम करणाऱ्या एका कंपनीकडून आल्या होत्या.

कोणती पद्धत चांगली? माझ्या मते हा वाद खरेदीदारानं घालूच नये. त्याऐवजी एक साधी चाचणी करावी. एकच 8 फुटी स्टॉप उघडायचा आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश दाबायची. खऱ्या नळ्या जुळ्या नसतात. एकीची सुरुवात किंचित फुसफुसणारी, दुसरीची टणक. डिजिटलमध्ये शेजारशेजारचे चार स्वर अगदी एकाच साच्यातले ऐकू आले, तर एकच मुद्रण ताणून चौघांना वाटलेलं आहे असं समजावं. मग एक स्वर 15 सेकंद धरून ठेवा. त्यात पंख्याच्या घरघरीसारखी ठरावीक आवर्तनं ऐकू आली, तर छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला जातोय.

ढोल-ताशा पथक आणि एक भोंगा

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि माहितीपत्रकात सगळ्यात बारीक अक्षरात छापलेलं : स्पीकर.

पन्नास ढोलांचं पथक लक्ष्मी रस्त्यावरून चाललंय आणि तुम्ही फुटपाथवर उभे आहात. आता त्याच पथकाचं उत्कृष्ट मुद्रण करा आणि एका भोंग्यातून वाजवा. सगळे ढोल त्यात आहेत, तरी छाती हलत नाही, नुसता गोंगाट होतो. कारण मूळ आवाज पन्नास ठिकाणांहून निघून हवेत मिसळत होता, आणि आता तो एका कागदी पडद्याला एकट्यानं पेलायचा आहे.

ऑर्गनमध्ये हे रोजचं आहे. वादकानं 6 पट्ट्या दाबल्या आणि 20 स्टॉप उघडे असले, तर खऱ्या वाद्यात शंभराच्या वर नळ्या आपापल्या जागी बोलतात. डिजिटलमध्ये त्या सगळ्या दोन स्पीकरांतून गेल्या, की एकमेकींच्या पायात पाय घालतात. हळू वाजवताना कळत नाही. सगळी शाळा उभी राहून शेवटचं कडवं म्हणते तेव्हा आवाज चिरडतो. म्हणून चांगल्या बसवणुकीत आवाज वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरमधून, सात-आठ किंवा अधिक स्पीकरांकडे जातो.

आणि आठवतोय का तो 16 फुटी खर्ज? सेकंदाला 33 कंपनं. भाषणाच्या माइकसाठी भिंतीवर टांगलेले छोटे स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी मोठा सबवूफर हवा, नाहीतर वादक पायांनी घाम गाळेल आणि मुलांना त्यातलं काहीच ऐकू येणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. साठ स्टॉप आणि दोन स्पीकर असा ऑर्गन दाखवत असतील, तर त्याऐवजी पंचवीस-तीस स्टॉपचा घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरांत घाला. समितीला हे पटत नाही, कारण देणगीदाराला फोटोत स्टॉप दिसतात, छताजवळचा सबवूफर दिसत नाही.

टाळी वाजवून बघा

आवाज वाद्यातून निघतो, पण तो घडतो खोलीत. 1895 च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात कुणाचंच बोलणं धड कळेना, इतका आवाज घुमायचा. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. गाद्या वाढतील तसा हा वेळ कमी होत गेला. खोलीच्या घुमण्याचं शास्त्र त्यातून उभं राहिलं.

तुमच्या चॅपलमध्ये गाद्यांचं काम मुलं करतात. कपडे आणि अंगं आवाज शोषतात. रिकाम्या चॅपलमध्ये भव्य वाटलेला ऑर्गन सोमवारी सकाळी चारशे मुलं बसल्यावर कोरडा वाटू शकतो. म्हणून एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या चॅपलमध्ये जोरात टाळी वाजवून तिच्या घुमण्याचं शेपूट किती लांब आहे ते ऐका. दगडी भिंती आणि उंच छत असेल तर ऑर्गनमधला कृत्रिम घुमारा बंदच ठेवावा लागेल. आधीच पाण्यात बसलेल्या माणसाला आणखी पाणी घालण्यासारखं होतं ते. उलट कौलारू छत आणि लाकडी तक्तपोशी असेल तर थोडा घुमारा मदतच करतो.

स्पीकर उंचावर हवेत, मुलांच्या कानाशी नकोत. नाहीतर पहिल्या रांगेतली मुलं कानात बोटं घालतात आणि शेवटच्या रांगेतली गातच नाहीत. वादकापासून ते फार दूरही नकोत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 30 मीटर लांबच्या चॅपलच्या दुसऱ्या टोकाला स्पीकर असेल तर वादकाला स्वतःचा स्वर जवळजवळ सेकंदाच्या अकराव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. वादक थबकतो, मुलं आणखी थबकतात, आणि चार कडव्यांत गाणं बैलगाडीच्या चालीला येतं.

सगळं लावून झाल्यावर तंत्रज्ञानं चॅपलमध्येच बसून एकेका स्टॉपचा, जमलं तर एकेका स्वराचा आवाज कमीजास्त करायला हवा. याला ‘व्हॉइसिंग’ म्हणतात. तंबोरा जुळवल्यावर जवारी काढतात, तशी ही खोलीची जवारी म्हणा. एखादा खर्ज स्वर कोपऱ्यात विनाकारण बोंबलतो, तो दाबावा लागतो. हे काम अर्ध्या तासात होत नाही. त्याचे दिवस करारात लिहून घ्या.

“पण शेवटी हे नकलीच ना?”

हा आक्षेप जुना आहे. 1935 मध्ये लॉरेन्स हॅमंडनं विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं त्याच्या जाहिरातींवर हरकत घेतली आणि 1937 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये ऐकण्याची परीक्षाच झाली. हॅमंड कुठला आणि तिथला पाइपचा ऑर्गन कुठला, हे वाद्य न पाहता ओळखायचं. ऐकणाऱ्यांत जाणकारही होते आणि विद्यार्थीही. बरेचदा त्यांची फसगत झाली. पुढे आयोगानं काही दावे बंद करायला लावले, ‘ऑर्गन’ हा शब्द मात्र हॅमंडकडे राहिला. आजच्या कानाला हॅमंड लगेच ओळखू येतो. त्या काळच्या कानांना ते सोपं गेलं नाही.

न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चची गोष्ट जास्त बोलकी आहे. 11 सप्टेंबर 2001 ला जवळच्या मनोऱ्यांची धूळ तिथल्या पाइप ऑर्गनमध्ये शिरली. तात्पुरती सोय म्हणून 2003 मध्ये मोठा डिजिटल ऑर्गन आणला आणि तो इतका उतरला की वर्षानुवर्षं तोच वाजत राहिला. पुढे मात्र त्या चर्चनं पुन्हा पाइपचा ऑर्गन बनवून घ्यायचं ठरवलं. दोन्ही बाजूंचे लोक हीच गोष्ट आपापल्या बाजूनं सांगतात.

मला विचाराल तर नक्कल आहे, हे कबूल करून टाकावं. पण आपल्यापुढची निवड पाइप की डिजिटल अशी नाहीच. नवा पाइप ऑर्गन ही कोटींची भाषा. आपल्यापुढची निवड आहे चांगला डिजिटल, वाईट डिजिटल, किंवा ब्लूटूथ स्पीकरवरचा मोबाइल.

“मग साधा कीबोर्ड का नको?”

चालेल, जर पायांनी वाजवणारा कुणीच नसेल आणि पुढेही नसणार असेल. हे मी गमतीनं म्हणत नाही. चांगला कीबोर्ड आणि चांगले स्पीकर हे वाईट ऑर्गनपेक्षा केव्हाही बरे.

पण शाळेत एखादी मुलगी पियानो शिकतेय, उद्या तिला ऑर्गन शिकावासा वाटला, लंडनच्या संगीत मंडळांच्या ऑर्गनच्या परीक्षा द्यायच्या म्हटल्या, तर तिला पुऱ्या मापाची पायपट्टी आणि हाताच्या दोन पायऱ्या लागतील. 13 छोट्या पायपट्ट्यांचे घरगुती ऑर्गन जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. ते घेऊ नका. तो मिनी ट्रॅक्टरवर बस चालवायला शिकण्याचा प्रकार आहे. डिजिटलला हेडफोन लावता येतो हा तिचा मोठा फायदा. शेजारी वर्ग चालू असताना ती तासभर सराव करू शकते.

“संगणकावर फुकट मिळतं म्हणे!”

खरं आहे. ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर आहे, हाउप्टवेर्क विकत मिळतं, आणि इंग्लंडच्या सॉल्सबरी कॅथेड्रलसारख्या नामांकित ऑर्गनचे नळीनिहाय मुद्रित संच संगणकात भरता येतात. आवाज कित्येकदा तयार ऑर्गनपेक्षा सरस. घरी सरावासाठी उत्तमच.

शाळेसाठी मी कचरतो. अशी जुळवाजुळव एका उत्साही सरांच्या डोक्यात असते. सर निवृत्त झाले की सकाळी सात वाजता पडद्यावर अपडेटची सूचना येते, पासवर्ड कुणाला माहीत नसतो आणि प्रार्थना टाळ्यांच्या ठेक्यावर होते. एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. शाळेच्या वाद्याला एकच कळ असावी, आणि ती शिपाईमामांनाही चालू करता यावी.

“किती वर्षं चालेल?”

स्वित्झर्लंडमधल्या सियोंच्या टेकडीवर पंधराव्या शतकातला ऑर्गन आहे, आजही वाजतो. डिजिटल ऑर्गनकडून ती अपेक्षा नको. वीस-पंचवीस वर्षं नीट चालला तर पैसे वसूल समजा. पाइप ऑर्गन म्हणजे आजीचा पितळी हंडा, कल्हई केली की पुन्हा नवा. डिजिटल हा टीव्हीचा भाऊ : बिघडला आणि त्या जातीची चिप बनायची बंद झालेली असली, की संपलं. म्हणून विकणाऱ्याला आवाजाआधी हे विचारा : सुटे भाग किती वर्षं देणार? भारतात दुरुस्तीला माणूस कोण, आणि तो कुठे राहतो?

आपली हवा हा वेगळाच अध्याय. पाइपच्या ऑर्गनमधलं चामडं आणि लाकूड उंदरांना आणि वाळवीला आवडतं, आणि हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो. डिजिटलचा सूर मे महिन्यातही हलत नाही. पण महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे पट्ट्यांखालच्या संपर्कांना गंज चढतो. मुंबईत पियानोच्या पोटात ओल घालवायला छोटा दिवा लावून ठेवतात, ती युक्ती इथेही चालते. चांगलं अर्थिंग, व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र आणि युपीएस हे मूळ अंदाजपत्रकातच धरा. वळवाच्या विजा तुमच्या निविदेची वाट पाहत नाहीत.

वाजवणार कोण?

बहुतेक डिजिटल ऑर्गनमध्ये वाजवलेलं साठवून पुन्हा वाजवायची सोय असते. वादक आजारी असेल तर कळ दाबली की गीत सुरू. सोय आहे, पण तिची सवय लागू देऊ नका. ऑर्गनचा स्वर पट्टी सोडेपर्यंत विरत नाही, त्याला दम लागत नाही. मुलांना लागतो. ओळ संपली की वादक हात किंचित उचलतो, त्या फटीत चारशे छात्या भरतात. पावसाळ्यात निम्मी शाळा खोकत असेल तर तो ती फट मोठी करतो. साठवलेलं गाणं हे करत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी उपासनेची. रेव्हरंड टिळकांची पदं अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची; तिथे पेटी, तबला आणि टाळच शोभतात. ऑर्गनला मींड येत नाही, आणि घट्ट सुरांच्या जाड थरांखाली अभंगाची चाल गुदमरते. पदाच्या वेळी ऑर्गननं गप्प बसावं, फार तर एक मऊ बासरीचा स्टॉप षड्ज-पंचमावर धरावा. पेटी विकून ऑर्गन घेऊ नका.

आमच्या समितीनं अजून काही घेतलेलं नाही. दोन विक्रेत्यांना सांगितलंय की दुकानातला डेमो नको. वाद्य आठवडाभर चॅपलमध्ये ठेवा, वाजवायला आमच्या बाई बसतील, गडगडाटी तुकडे कुणी वाजवायचे नाहीत, फक्त रोजच्या सभेची गीतं. एक तयार झाला, दुसऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. गेल्या रविवारी आम्ही पाच जण रिकाम्या चॅपलमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहून टाळ्या वाजवत होतो. बाहेरून चौकीदार आत डोकावला आणि म्हणाला, “साहेब, कार्यक्रम संपला का?”